लिहील त्याचे पान

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ऐकली. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांमुळे पश्चिम महाराष्ट्रातील अनेक कुळांची नावे सातबाऱ्यावर मालक म्हणून चढली. कॉलेजची पायरी चढणारा मी घरातला पहिलाच. त्यामुळे स्वतःच्या नावाचा उतारा म्हणजे काय, हे मला पुस्तकाआधी घरी समजले.

मित्रांनो, आज हाच प्रश्न लिहिणाऱ्यांपुढे उभा आहे. आपण आपल्या कविता, आपली मते ज्या जागेवर लिहितो ती जागा कोणाची? फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स यांच्या शिवारात आपण केवळ कुळे आहोत. जमीनदाराची मर्जी फिरली की पीकही गेले आणि पत्ताही गेला. ही भीती काल्पनिक नव्हे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये मिटले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरचा मालक बदलला आणि नियमही बदलले.

यावर कोणी म्हणेल, स्वतःचे संकेतस्थळ काढा. खरे आहे. स्थिर पानांचे संकेतस्थळ म्हणजे तयार फायलींचा गठ्ठा. तो स्वस्त असतो, टिकतो, आणि एका सर्व्हरवरून उचलून दुसऱ्यावर ठेवता येतो. डोमेनचे नाव दरवर्षी पैसे भरून आपल्याकडे राखले की पत्ता कायम राहतो. पण माळावरच्या एकट्या घरासारखी त्याची गत होते. घर आपले, पण येणारे-जाणारे कोणी नाही!

तेथे जाणारी वाट आता पडली आहे. वेबची मानके ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये ‘ॲक्टिव्हिटीपब’ या नियमावलीची शिफारस केली. ई-मेलमध्ये एका कंपनीचा खातेदार दुसऱ्या कंपनीच्या खातेदाराला पत्र पाठवू शकतो, तसेच हे आहे. २०१६ साली सुरू झालेले मॅस्टोडॉन याच नियमाने चालते. त्याचे असंख्य सर्व्हर वेगवेगळ्या लोकांच्या मालकीचे आहेत, तरी ते एकमेकांशी बोलतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर नाराज झालेले अनेक भारतीय तिकडे गेले होते.

अडचण एकच आहे. स्थिर पान बोलते, पण ऐकत नाही. ॲक्टिव्हिटीपबला टपालपेटी लागते. ‘मला तुमचे लेखन पाठवा’ ही विनंती आणि वाचकांची उत्तरे घ्यायला कोणीतरी सतत जागे असावे लागते, आणि पाठविलेल्या प्रत्येक पत्रावर सही लागते. हे काम फायलीला जमत नाही. म्हणून शेजारी पोस्टमन नेमावा लागतो. ‘ब्रिजी फेड’ ही सेवा असा पोस्टमन आहे. ती आपले लेखन मॅस्टोडॉनवर नेते आणि तिकडची उत्तरे आपल्या संकेतस्थळाकडे पाठविते.

पोस्टमनही परकाच ना, असा आक्षेप येईल. येऊ द्या. पोस्टमन सोडून गेला तर दुसरा नेमता येतो, घर जागेवर राहते. उलट केवळ मॅस्टोडॉनवर खाते काढून सर्व्हर बदलला, तर अनुयायी सोबत येतात, पण जुने लेखन मागेच राहते. विकेंद्रीकरण म्हणजे नुसते जमीनदार बदलणे नव्हे. आधी आपल्या पानावर लिहावे, मग ते जगाकडे पाठवावे, हाच क्रम योग्य होय.

आपल्या वाङ्मय मंडळाला माझी विनंती आहे. भित्तिपत्रक महिन्याभराने उतरते आणि त्यावरील लेखन अडगळीत जाते. मंडळाने एक डोमेन नोंदवावे, तेथे साधी पाने ठेवावीत आणि त्यांना हा पोस्टमन जोडून द्यावा. ज्यांच्या घरात आजवर कोणी लिहिले नाही, त्यांचे पहिले लिहिणे तरी कुळाचे राहू नये.