खरेदीखत की भाडेपट्टा?

मोहरमातील गगनचुंबी ताबुतांसाठी ख्यातनाम असलेल्या कडेगावात जमिनीचा तुकडा घेणारा मनुष्य खरेदीखत नोंदवून, फेरफार मंजूर करवून आणि सातबाऱ्यावर आपले नाव चढलेले पाहूनच स्वस्थ बसतो. परंतु त्याच्याच घरातील मुलगा पैसे मोजून संगणकावरील जो खेळ ‘विकत’ घेतो, त्याचा कबजा मात्र सातासमुद्रापलीकडील कंपनीच्या सर्व्हरपाशी राहतो, ही विसंगती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. युबिसॉफ्टने २०१४ मध्ये विक्रीस आणलेल्या ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले, तेव्हा एकट्याने खेळू इच्छिणाऱ्या ग्राहकाच्याही हाती रिकामी तबकडीच काय ती उरली.

म्हणून खेळांच्या चोरट्या प्रतींचे समर्थन मला कर्तव्य नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेल्या ६५-अ कलमान्वये, खात्यावाचून किंवा इंटरनेटवाचून खेळ उघडू न देणारे तांत्रिक कुलूप हक्कभंगाच्या हेतूने मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ते न्याय्यही आहे. पण कुलूप फोडलेली प्रत खेळणाऱ्याला खात्याची किंवा इंटरनेटची अडचण बहुधा येत नाही, आणि रीतसर दाम मोजणारा मात्र लाइन गेली की स्वतःच्याच दारात तिष्ठत उभा राहतो, हा कोठला इन्साफ? (आमच्याकडे लाइन जाण्यास वळवाची एक सर पुरते.) कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून, हा व्यवहार केवळ परवान्याचा आहे, हे ग्राहकास स्पष्ट सांगण्याचे बंधन विक्रेत्यांवर घातले आहे, आपल्या सरकारने तेवढे तर करावेच, शिवाय दुकान बंद करताना कुलपाची किल्ली ग्राहकाच्या हवाली करण्याची सक्तीही करावी.