तेल कोणाचे, बादली कोणाची?

आकुर्डीत समुद्र नाही. मग समुद्रातल्या तेलाची उठाठेव आम्ही का करावी? कारण सोपे आहे. आकुर्डी-चिंचवडच्या वर्कशॉपांत यंत्रांवर वापरलेल्या कूलंटमध्ये तेल पाण्यात इतके बारीक मिसळते की नुसते ठेवून ते वर येत नाही. लाटांनी घुसळलेल्या समुद्रातल्या तेलाचेही तेच होते. दोन्हीकडे उपयोगी पडते ती मेम्ब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांची चाळण. दाब दिला की पाणी पलीकडे जाते, तेल अलीकडे राहते.

अख्खा समुद्र काही चाळता येत नाही. तेल आधी अडवावे लागते, गोळा करावे लागते, मग सोबत आलेले तेलकट पाणी चाळायचे. चाळण लवकर बुजते, ती रसायनांनी पुन्हा पुन्हा धुवावी लागते. म्हणजे पैसा आला, आणि पैसा आला की आपल्याकडे यंत्र कागदावर राहते.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले, कोळी बांधवांची मासेमारी बंद पडली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला तर तेल माणसांनी बादल्यांनी उपसले. मंगळावर यान पाठवणाऱ्या देशात! गटारात उतरवल्या जाणाऱ्या आपल्या बांधवांना ही रीत नवी नाही.

कायदा मुका नाही. प्रदूषण करील त्याने भरावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोर खटल्यात मान्य केले. राक कॅरिअर हे कोळशाचे जहाज ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईजवळ बुडाले. हरित न्यायाधिकरणाने जहाजवाल्यांना १०० कोटींची भरपाई ठोठावली ती २०१६ साली, आणि भरायची नौवहन मंत्रालयाकडे. कोळीवाड्याने तोवर काय खायचे?

नदीत सोडायच्या सांडपाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅमहून अधिक तेल व ग्रीस नको, असा नियम आहे. मोठा कारखाना स्वतःचे संयंत्र उभारू शकतो. चार यंत्रांचा वर्कशॉपवाला कोठून उभारणार? त्याला सामायिक संयंत्रच हवे, नाहीतर नाला आहेच आणि पुढे पवना. महाडला १९२७ साली आपण पाण्याचा हक्क बजावला. ते पाणी स्वच्छ असावे, हाही त्याच हक्कातला भाग आम्ही मानतो.

अशा संयंत्राची निविदा निघाली की कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात तिची प्रत मागावी. चाळणीची किंमत त्यात असेलच. ती धुणाऱ्या कंत्राटी कामगाराचे वेतन, विमा आणि हातमोजे कोणत्या पानावर आहेत, ते आधी पाहावे.