समुद्र बघायचा तर रत्नागिरीचा

सोयाबीन घरात आलं, की रिसोडात सहलीचे बेत सुरू होतात आणि मुंबईवरच येऊन थांबतात. यंदा रत्नागिरीला जा. भाट्याच्या वाळूत पोरं रमतीलच, पण थिबा राजवाड्याला निवांत वेळ द्या. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ साली राज्य गमावून इंग्रजांचा कैदी झाला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. अर्धगोल खिडक्यांवरचं लाकडी नक्षीकाम अगदी जवळून बघा. मग थिबा पॉइंटवर उभे राहा. परक्या मुलखात तीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला हा समुद्र कसा वाटला असेल, या विचाराने मन गलबलतं. टिळकांचं जन्मघरही चुकवू नका. सोमवारी राजवाड्यातलं संग्रहालय बंद असतं, तेवढं धरून निघा.