बंदरातला कापूस आणि बांधावरचा गुन्हा



१९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. पहिली मुदत ३० सप्टेंबरची होती. नऊ दिवसांतच, २८ ऑगस्टला, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपली पऱ्हाटी त्या वेळी पात्या-फुलांवर होती. दसरा-दिवाळीला पहिली वेचणी घरात येते आणि डिसेंबर संपेपर्यंत कोरडवाहू कास्तकार बहुतेक माल विकून मोकळा होतो. होतो म्हणजे त्याला व्हावे लागते, देणेकरी दारात उभे असतात. सरकारने परदेशी मालाला दार उघडे ठेवले ते नेमके तेवढे दिवस. पंचांग पाहून लग्नाचा मुहूर्त काढावा तसा हा मुहूर्त काढला होता.

कारण सांगितले गेले ते कापड उद्योगाचे. अमेरिकेने त्याच महिन्यात भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांपर्यंत नेला, कापडाची निर्यात अडचणीत आली, म्हणून गिरण्यांना स्वस्त कापूस हवा. ऐकायला ठीक वाटते. पण जी गिरणी निर्यातीसाठी माल बनवते तिला कच्चा माल बिनशुल्क आणण्याची सोय आगाऊ परवाना योजनेखाली आधीपासूनच होती. मग ही नवी सवलत कोणाला मिळाली? देशातल्या देशात कापड विकणाऱ्या गिरणीलाही ती मिळाली. अमेरिकेचा कर त्या गिरणीला लागतच नव्हता. दुखणे एकाचे आणि औषध दुसऱ्याला. औषधाचे पैसे मात्र तिसऱ्याने, म्हणजे आपण, भरायचे.

किती भरायचे, त्याचा हिशेब मांडू. रुईचा भाव खंडीला ५५ हजार धरा. खंडी ३५६ किलोची. ११ टक्के म्हणजे खंडीमागे सहा हजारांच्या वर, किलोमागे १७ रुपये. एका क्विंटल कापसातून ३४ किलोच्या आसपास रुई निघते. म्हणजे क्विंटलमागे पावणेसहाशे रुपयांनी भावाचे छत खाली आले. हे सगळेच्या सगळे आपल्या खिशातून गेले असे आम्ही म्हणत नाही, पण छत खाली आले की वाकून चालावे लागते. सीसीआयने तर आपल्या गाठींचे विक्रीदर त्याच आठवड्यात उतरवले. व्यापाऱ्याला एवढा इशारा पुरतो.

यावर दिल्लीचे उत्तर ठरलेले होते. २०२५-२६ ला मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव आहे, काळजी कशाला? त्या हमीभावाकडे पुढे येऊ. आधी एक जुनी गोष्ट आठवून द्यायची आहे, कारण वर्तमानपत्रे ती आठवून देणार नाहीत.

५ मार्च २०१२ रोजी याच देशाच्या सरकारने कापसाची निर्यात एका फतव्याने बंद केली. तेव्हा बाहेर मागणी होती. खुद्द त्या वेळच्या कृषिमंत्र्यांनी, शरद पवारांनी, आपल्याला विचारले नाही अशी जाहीर तक्रार केली. काही दिवसांत बंदी सैल करावी लागली, पण भाव पडायचा तो पडला. तेव्हा राज्य काँग्रेसचे होते. २०२२ साली रुई खंडीला एक लाखावर गेली, तेव्हा भाजपच्या सरकारने १४ एप्रिलपासून आयात शुल्क माफ केले आणि ती माफी ऑक्टोबरअखेरपर्यंत नेली. पक्ष दोन, झेंडे दोन, हात एकच. बाहेर भाव असला की आपल्याला आत कोंडायचे, आत भाव आला की बाहेरच्याला आत घ्यायचे. २०२३ च्या डिसेंबरात कांद्याची निर्यातबंदी झाली तीही याच खाक्याने. आयात येऊच नये, अशी आमची मागणी कधीच नव्हती. जगाच्या बाजाराला आम्ही भीत नाही. पण दार उघडायचे तर दोन्ही बाजूंनी उघडा आणि बाराही महिने उघडे ठेवा. आमच्या सुगीच्या दिवसांत एकाच बाजूची कडी काढायची, याला कोणी खुला व्यापार म्हणू नये.

आता टीव्हीवाल्यांकडे वळू. २०२२ मध्ये कापूस चढला तेव्हा कपडे महागणार म्हणून केवढा गलका झाला! शर्टाला, वाया जाणारी धरून, पाव किलो रुई लागते असे समजा. रुई ५५ हजार असताना त्या शर्टात आपला वाटा ३९ रुपयांचा, एक लाख असताना ७० रुपयांचा. फरक एकतीस-बत्तीस रुपयांचा. शहरातल्या दुकानात हजार-बाराशेला टांगलेल्या शर्टात हे तीस रुपये टोचतात आणि बाकीच्या नऊशेंबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. कापूस उतरला तेव्हा शर्ट स्वस्त झाल्याचे कोणाच्या ऐकिवात आहे काय? बातमीदारांवर आमचा राग नाही, त्यांतली बरीच पोरे आपल्याच खेड्यांतली आहेत. पण वाहिनी चालते जाहिरातीवर. जाहिरात देतो साबणवाला, कपडेवाला आणि सरकार. कापूस विकणारा जाहिरात देत नाही, म्हणून त्याचा भाव पडणे ही बातमी होत नाही. त्याने फास घेतला की कॅमेरा येतो. मग चर्चेत बसलेले विद्वान व्यसनाधीनता, लग्नाचा खर्च आणि समुपदेशन यांवर बोलतात. आयात शुल्काचा आकडा तिथेही निघत नाही.

पण सगळ्यात मोठा ढोंगीपणा पुढेच आहे.

तो परदेशी कापूस येतो कुठून? ब्राझीलमधून, अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून. तिथे बहुतांश क्षेत्रावर पेरले जाते ते तणनाशक सहन करणारे जनुकीय बियाणे. आपल्याकडे त्यालाच एचटीबीटी म्हणतात आणि त्याच्या लागवडीला परवानगी नाही. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी ते उघडपणे, सांगून-सवरून पेरले तेव्हा त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. त्या वेळच्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांची कैद आणि एक लाखाचा दंड होता. म्हणजे त्या बियाण्याचा कापूस जहाजातून बंदरात उतरला तर तो व्यापार, त्याला २०२५ मध्ये शुल्कसुद्धा माफ झाले, आणि तेच बियाणे अकोटच्या काळ्या मातीत टोबले तर गुन्हा! २०२१ च्या ऑगस्टात जनुकीय सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला याच सरकारने परवानगी दिली. कोंबडीला चालते, गिरणीला चालते, फक्त आपल्या शेताला चालत नाही.

निंदणाच्या दिवसांत मजूर मिळवायला काय करावे लागते, हे दिल्लीच्या समितीला कोण सांगणार? पाऊस आठवडाभर लागून राहिला की डवरणी होत नाही, तण पऱ्हाटीच्या डोक्यावर जाते, आणि निंदणाचा खर्च काही वेळा खताच्या वर जातो. म्हणून बंदी असूनही हे बियाणे दरवर्षी विकले जाते आणि पेरलेही जाते, हे पोलिसांना, कृषी खात्याला, सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते चोरून घ्यावे लागते. पावती नाही, पाकिटावर खऱ्या कंपनीचे नाव नाही, उगवले नाही तर तक्रारीला जागा नाही. बंदीने बियाणे थांबले नाही, फक्त शेतकऱ्याचा पंचनाम्याचा हक्क गेला आणि बोगस बियाणेवाल्यांचे फावले.

२००१ साली गुजरातेत बीटीचे विनापरवाना पीक जाळायचा हुकूम निघाला होता. शेतकरी आडवे झाले, शरद जोशी त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि २६ मार्च २००२ ला परवानगी आली. २०१३-१४ पर्यंत देशाचे उत्पादन ४०० लाख गाठींच्या घरात पोचले. बोंडअळीवरची दुसरी पिढी २००६ मध्ये मिळाली. तिसरी आलीच नाही. दरम्यान गुलाबी अळी दुसरीला सरावली, आणि २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. उत्पादन ३०० लाख गाठींच्या आसपास उतरले. आता तेच सरकार सांगते की देशात कापूस कमी आहे, म्हणून आयात करू. आधी पाय बांधायचे, मग हा पळत नाही म्हणून भाड्याचा घोडा आणायचा. (कंपन्यांची वकिली आम्हाला करायची नाही. दहा कंपन्या येऊ द्या, सरकारी विद्यापीठांनाही उतरू द्या. निवड आम्ही करू.)

आता हमीभाव. तो घ्यायचा तर सीसीआयच्या ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी करायची, मग तारीख घ्यायची, मग गाडी भरायची. आधार हवे, सातबारा हवा, ई-पीक पाहणी हवी, मोबाइलवर ओटीपी यायला हवा. शेतात रेंज नाही, पण पीक पाहणीचा फोटो शेतातूनच काढायचा. ठेक्याने जमीन करणाऱ्याचे नाव कोणत्याच कागदावर नसते, त्याचा कापूस शेवटी खेडा खरेदीत जातो. ज्या बाईच्या नावावर जमीनच नाही, तिने केलेल्या वेचणीची नोंद कुठे करणार? आणि हे सगळे पार पडले तरी केंद्रावर ओलावा मोजणार. आठ टक्क्यांच्या वर कपात, बाराच्या वर गाडी परत. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला होता. त्या कापसात किती ओलावा असेल, हे सांगायला यंत्र कशाला लागते?

ॲपला आमचा विरोध नाही. घरबसल्या तारीख मिळाली, पैसे थेट खात्यात आले, तर नाक मुरडण्याचे कारण नाही. पण ही खिडकी एकाच बाजूने पारदर्शक आहे. सरकारला आमचा गट नंबर ठाऊक, पीक ठाऊक, बँकेचे खाते ठाऊक, बोटाचा ठसा ठाऊक. २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांकही काढून घेतला. आणि आम्हाला सरकारचे काय ठाऊक? उद्या आयात उघडणार की निर्यात बंद होणार, हे कोणत्या ॲपमध्ये दिसते? पेरताना पुढचा भाव दिसावा म्हणून जगात वायदे बाजार असतो. आपल्याकडे २० डिसेंबर २०२१ ला सेबीने सात मालांचे वायदे बंद केले. त्यांत हरभरा, सोयाबीन, मूग ही आपली पिके आहेत. एक वर्षासाठी म्हणून बंद केले, मग मुदत वाढवत वाढवत मार्च २०२६ पर्यंत नेली. आमच्यावर नजर ठेवणारे तंत्र सक्तीचे, आम्हाला पुढचे दाखवणारे तंत्र बंद.

ज्वारीबद्दल थोडक्यात. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. ज्वारी ‘श्रीअन्न’ झाली, पाहुण्यांच्या ताटात गेली, मासिकांत तिचे फोटो आले. २०२५-२६ ला संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ आणि मालदांडीचा ३,७४९. पण रेशनवर गहू-तांदूळ फुकट वाटायचे आणि ज्वारी कोणी खात नाही म्हणून हळहळायचे, हा कुठला न्याय? खरिपाची ज्वारी रानडुकरांनी आणि रोह्यांनी खाल्ली, उरलेली सोयाबीनने खाल्ली. तिच्याबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गोठ्यातली जनावरे गेली. नाव बदलून पीक परत येत नाही.

या बैठकीत तीन ठराव मांडायचे आहेत. कापूस वर्ष सुरू झाल्यावर आयात-निर्यातीचे धोरण पुढच्या ऑक्टोबरपर्यंत बदलू नये. बंद केलेले वायदे उघडावेत. आणि ज्या बियाण्याचा कापूस देशात आणायला चालतो ते बियाणे पेरणे हा गुन्हा राहू नये. चर्चेला येताना ज्यांची गाडी ओलाव्यामुळे परत आली त्यांनी केंद्रावरची चिठ्ठी बरोबर आणावी, ज्यांना चिठ्ठीच दिली नाही त्यांनी तारीख आणि केंद्राचे नाव कागदावर लिहून आणावे. तालुकावार यादी बैठकीतच तयार करू आणि दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू.