सायकलस्वाराचे हातमोजे

मुलाला सायकल घेऊन द्यावयाची ठरली की घरोघरी बरीच चर्चा होते. सायकल केवढ्या उंचीची असावी, साधी की गिअरची, कुलूप कोणते, मागे कॅरिअर हवे की नको, यांवर वडीलमंडळी आपापले मत देतात. ज्या दोन हातांनी ती सायकल चालवावयाची, त्या हातांचा विषय मात्र कोणी काढीत नाही. एखाद्या मुलाने हातमोजे मागितलेच, तर "स्वारी शर्यतीला निघाली वाटते!" म्हणून त्याची थट्टा होते. ही थट्टा आम्हांस अस्थानी वाटते. सायकलीने शाळेस येणाऱ्या मुलामुलींच्या दप्तरात जशी कंपासपेटी, तसे त्यांच्या हातांत हातमोजे असावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोल जाऊन पडू लागलेल्या माणसाचे हात आपोआप पुढे होतात. हे कोणी शिकवावे लागत नाही; चेहरा व छाती वाचविण्यासाठी शरीराने केलेली ती तरतूद आहे. परिणाम असा होतो की, सायकलवरून पडणाऱ्याचा तळहात बहुधा सर्वांच्या आधी जमिनीस लागतो. आणि जमीन तरी कशी? डांबरी रस्त्याच्या कडेला बारीक बजरी साचलेली असते, वळणावर वाळू असते, रेल्वेचे फाटक तिरपे ओलांडले तर चाक रुळालगतच्या खाचेत अडकते. शिवाय पावसाने भिजलेला रूळ तेल लावल्यासारखा निसरडा होतो. अशा ठिकाणी घसरलेल्या मुलाच्या तळहातांत खडे अक्षरशः रुतून बसतात. तळहाताच्या जखमेची आणखी एक खोड आहे. गुडघा फुटला तर तो काही काळ स्वस्थ ठेवता येतो. हात कोण स्वस्थ ठेवणार? घास घेताना, बादली उचलताना, लिहिताना मूठ मिटावीच लागते, आणि प्रत्येक वेळी धरू पाहणारी खपली पुन्हा उकलते.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गातील एक मुलगी पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात अशीच बजरीवर घसरली. हाड मोडले नाही, डोक्यास लागले नाही. थोडक्यात निभावले, असे सर्वांनी म्हटले. परंतु उजव्या तळहाताची कातडी अंगठ्याच्या बुडाशी सोलवटून निघाली होती. भाषेच्या उत्तरपत्रिका तिने कशाबशा पुऱ्या केल्या. भूमितीच्या दिवशी मात्र कंपास चिमटीत धरून फिरविणे तिला जमेना, आणि येत असलेल्या दोन रचना तिने कोऱ्या सोडल्या. तिच्या हातांवर चामड्याचा एक पातळ थर असता तर ती बजरी त्या थरास लागली असती. "थोडक्यात" या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्याच्या बाबतीत थोडा निराळा करावयास हवा, तो यासाठी.

रस्त्यावरील मातीने भरलेल्या जखमेतून धनुर्वाताचे भय असते, हेही येथे सांगितले पाहिजे. त्याचे जंतू मातीत व जनावरांच्या शेणात असतात. आपल्या देशातील लसीकरणाच्या कार्यक्रमात वयाच्या १० व्या आणि १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस ठेवलेली आहे, ती याचसाठी. ती चुकवू नये. हातमोजा हा लशीचा पर्याय नव्हे.

तो आणखी कशाचाही पर्याय नव्हे. हातमोजा कातडी वाचवितो, हाड वाचवीत नाही. आपल्या प्रत्येक हातात २७ हाडे असतात आणि त्यांपैकी ८ लहान हाडे एकट्या मनगटात दाटीवाटीने बसलेली असतात. पुढे केलेल्या हातावर सगळा भार आला म्हणजे तेथले एखादे हाड, किंवा मनगटाजवळ अग्रबाहूचे हाड, मोडू शकते. या दुसऱ्या प्रकारच्या मोडीचे वर्णन डब्लिनचे शस्त्रवैद्य अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली केले. त्या वेळी कार्ल फॉन ड्राइस यांची लाकडी दोनचाकी अद्याप रस्त्यावर यावयाची होती. ती आली १८१७ साली. म्हणजे हातावर पडण्याची माणसाची सवय सायकलीहून जुनीच. डोक्याचे रक्षण तर शिरस्त्राणच करील. ज्याच्याजवळ दोहोंपैकी एकापुरतेच पैसे असतील त्याने शिरस्त्राण घ्यावे, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

"आमच्या वाडवडिलांनी जन्मभर उघड्या हातांनी सायकली चालविल्या, त्यांचे काय बिघडले?" हा आक्षेप नेहमी ऐकू येतो, व तो विचार करण्याजोगा आहे. वाडवडिलांची ती काळी, उंच सायकल आठवून पाहा. तिचे हँडल स्वाराकडे वळलेले असे, पाठ ताठ राही, आणि देहाचा बहुतेक भार रुंद बैठकीवर पडे. हात केवळ दिशा देण्यापुरते. आजच्या मुलांना आवडणाऱ्या गिअरच्या सायकलीचे हँडल सरळ व पुढे असते. स्वार त्यावर ओणवा होतो आणि भाराचा बराचसा वाटा तळहातांवर येतो. तळहाताच्या करंगळीकडील बाजूने एक मज्जातंतू मनगटातून पुढे जातो. त्याच जागी हँडलची मूठ रुतत राहिली तर करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होते, मुंग्या येतात. लांबून येणाऱ्या कित्येक मुलांना पहिल्या तासाला हात झटकताना आम्ही पाहतो. जाड गादीचा हातमोजा हा दाब विभागून टाकतो, रस्त्याचे हादरेही काहीसे गिळतो. तरीही बधिरता राहिली तर मात्र हँडल वर घ्यावे, बैठक नीट लावून घ्यावी, आणि तेवढ्यानेही न भागल्यास डॉक्टरांना दाखवावे.

२००६-०७ पासून कित्येक वर्षे कर्नाटक सरकारने आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली दिल्या. आमच्या सीमाभागातील अनेक मुलींची हायस्कूलची वाट त्यामुळे सुकर झाली, याचा आम्हांस आनंदच आहे. त्या सायकलींबरोबर हातमोजे द्यावेत असे कोणाला सुचले असते, तर तो आनंद दुणावला असता!

घामाचा आणि पावसाचा विचारही करू. तळहातावर केस नसतात, पण घामाच्या ग्रंथी विपुल असतात. त्या उन्हाने जशा पाझरतात तशा भीतीनेही. समोर अकस्मात बैल आडवा आला की नेमका त्याच क्षणी हात ओला होतो. ताशी १५ किलोमीटर वेगाची सायकल एका सेकंदात चार मीटरांहून अधिक पुढे जाते. तेवढ्यात बोटे ब्रेकवरून निसटली तर काय होईल, ते सांगावयास नको. थंडीतल्या पहाटे शिकवणीस जाणाऱ्यांची बोटे वाऱ्याने आखडतात, तेव्हाही ब्रेक उशिरा दाबला जातो.

येथे एका निराळ्या हातमोज्याविषयी बोलणे प्राप्त आहे. उन्हाने हात काळवंडू नयेत म्हणून कोपरापर्यंत येणारे, मऊ सुती मोजे पुष्कळ मुली वापरतात. ऊन लागू नये हे ठीक. परंतु सावळा रंग हा दोष आहे, असे मुलींच्या मनावर ठसविणाऱ्या बाजाराविषयी आम्हांस काडीचाही आदर नाही. आणि त्या मोज्यांची गुळगुळीत तळवट रबरी मुठीवर घसरते, हा त्यांचा खरा दोष आहे. असला मोजा घालून सायकल चालविण्यापेक्षा उघडा हात बरा.

मोजा कसा असावा? तळव्यास चामडे किंवा खरबरीत रबर, पाठीस वारा खेळेल असे विणलेले कापड, आणि बोटे अर्धी उघडी. जुन्या काळचे शर्यतपटू असेच मोजे वापरीत. पाठीचा भाग सुताचा विणलेला, तळवा चामड्याचा. फिरत्या चाकावर तळवा हलकेच टेकवून टायरला चिकटलेली काच झाडून टाकण्याची त्यांची एक युक्ती होती. आमच्या विद्यार्थ्यांनी ती करून पाहू नये. थांबून काच काढावी. मोजा हाताला घट्ट बसावा, सैल मोजा तळव्याशी गोळा होतो. विकत घेताना तो घालून ब्रेक दाबून पाहावा आणि घंटीही वाजवून पाहावी. राहिली थट्टा. यष्टिरक्षकाच्या हातमोज्यांना कोणी हसत नाही, कारण चेंडू हाताला लागतो हे सर्वांना पटलेले आहे. रस्ता चेंडूहून मऊ आहे काय?

घामाने भरलेले मोजे दप्तरात कोंबून ठेवले तर त्यांना दुर्गंधी येते. ते दर रविवारी साबणाने धुऊन सावलीत वाळवावेत. चामडे उन्हात ताठरते. पावसाळ्यात एक जोड वाळत असताना दुसरी हाताशी असली तर उत्तम. ज्या घरी दोन जोड परवडत नाहीत तेथे चामड्याऐवजी रबरी तळव्याची जोड घ्यावी. ती लवकर वाळते.