क्रियापदांचीं शेपटें

इंग्रजी भाषेंत ‘पुट’, ‘गेट’, ‘टेक’, ‘लुक’ यांसारख्या चिमुकल्या क्रियापदांपुढें ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘विथ’ अशीं अव्ययें येऊन बसतात आणि मूळ अर्थ पार पालटून टाकतात. ‘पुट’ म्हणजे ठेवणें. परंतु ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणें, ‘पुट आउट’ म्हणजे विझविणें आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूटपणें सोसणें. या जोडक्रियापदांस ‘फ्रेजल व्हर्ब’ हें नांव लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या ग्रंथांतून पुढें आलें. वस्तु मात्र जुनीच आहे. परकीयांस सर्वांत अधिक अडचण याच संयोगांची पडते, हें डॉक्टर जॉन्सन यांनीं आपल्या १७५५ सालच्या कोशाच्या प्रस्तावनेंत सांगून ठेविलें आहे. आमच्याकडे या प्रकाराविषयीं दोन समज मूळ धरून बसले आहेत. पहिला असा कीं, हीं क्रियापदें ग्राम्य असून सुशिक्षितानें तीं शक्यतों टाळावीं. दुसरा असा कीं, यांस कांहींच नियम नसल्यामुळें तीं घोकण्यावांचून गत्यंतर नाहीं. हे दोन्ही समज खोटे आहेत आणि त्यांचें मोल आमचीं मुलें भरीत आहेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पहिला समज कोठून आला हें उघड आहे. आमच्या देशांत इंग्रजी आली ती कचेरीच्या दारानें आणि ग्रंथांच्या पानांतून. स्वयंपाकघरांतून किंवा अंगणांतून आली नाहीं. त्यामुळें ‘पोस्टपोन’ म्हटलें कीं विद्वत्ता आणि ‘पुट ऑफ’ म्हटलें कीं बाजारीपणा, अशी आमची समजूत झाली. परंतु ‘पोस्टपोन’ या शब्दाची फोड करून पाहावी. लॅटिनमध्यें ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणें. ‘एक्स्क्लूड’ म्हणजे तरी काय? बाहेर ठेवून दार लावणें. म्हणजे इंग्रजींतील ‘शट आउट’च. लॅटिननें अव्यय क्रियापदाच्या आधीं जोडलें, इंग्रजीनें तें मागून जोडलें. एकाच वस्तूस रोमन पोशाखांत पाहून मुजरा करावयाचा आणि घरच्या पोशाखांत पाहून नाक मुरडावयाचें, याला सुसंस्कृतपणा म्हणत नाहींत.

हें लॅटिनचें भूत इंग्रजांच्याहि मानगुटीवर बसलें होतें. ड्रायडन यांनीं १६७२ सालीं बेन जॉन्सन यांच्या वाक्यांच्या शेवटीं अव्ययें लोंबतात म्हणून दोष काढला, आणि १६८४ सालच्या आवृत्तींत स्वतःच्या निबंधांतील तशीं वाक्यें झाडून दुरुस्त केलीं. पण बोलणारा समाज व्याकरणकारांस विचारून बोलत नाहीं. कायद्याच्या मसुद्यांत लॅटिन शब्द शोभतात, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु घरांतील दिवा ‘एक्स्टिंग्विश’ करण्यास सांगणारा आणि मित्राची अनुपस्थिति ‘टॉलरेट’ करणारा मनुष्य इंग्रजांच्या कानांस विद्वान् वाटत नाहीं, परका वाटतो.

आतां दुसरा समज. यांस नियम नाहीं असें म्हणणाऱ्या शिक्षकांस आम्ही विचारतों कीं, संस्कृत शिकवितांना आपण काय शिकवितां? एकाच ‘हृ’ धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार असे भिन्न अर्थ उपसर्गांनीं होतात, हें आपण मोठ्या कौतुकानें सांगतां. इंग्रजी क्रियापदाचें शेपूट म्हणजे मागून आलेला उपसर्गच होय. वेदांत तर उपसर्ग धातूपासून दूर, मध्यें इतर शब्द ठेवूनहि येतो व पाणिनीनें त्यास मान्यता दिली आहे. मग ‘पिक इट अप’ या वाक्यांत ‘पिक’ आणि ‘अप’ यांच्यामध्यें ‘इट’ शिरलें तर आम्हांस धक्का बसण्याचें कारण काय?

संस्कृतापर्यंत जाण्याचीहि गरज नाहीं. आमच्या मराठींत संयुक्त क्रियापदें पावलोपावलीं आहेत. ‘खाऊन टाक’ यांतील ‘टाक’ फेंकण्यास सांगत नाहीं, तें क्रियेची पूर्णता सांगतें. नेमकें हेंच काम ‘ईट अप’, ‘यूझ अप’, ‘ड्रिंक अप’ यांतील ‘अप’ करतें. ‘शोधून काढ’ यांतील ‘काढ’ आणि ‘फाइंड आउट’ यांतील ‘आउट’ दोन्ही दडलेली वस्तु बाहेर आणतात. ‘वाचत राहा’ म्हणजे ‘रीड ऑन’. कोश हातीं घेऊन मराठी शिकणाऱ्या परक्या गृहस्थास ‘पत्र लिहून टाका’ असें सांगितलें, तर तो बिचारा पत्र लिहून टोपलींत टाकील! त्याची ही अडचण पाहून आपण हंसूं. परंतु आपल्या मुलांची अगदीं तीच अडचण आपण गेलीं कित्येक वर्षें कायम राखली आहे.

खरी शिस्त कोठें लागते तें शाळेंत सांगितलेंच जात नाहीं. हीं अव्ययें दोन प्रकारचीं कामें करतात. कांहीं नामाशीं जोडलेलीं असतात, कांहीं क्रियापदाशीं. मराठींतील ‘वर’ हा शब्दच घ्या: ‘तो वर गेला’ यांत तें क्रियाविशेषण, ‘झाडावर’ यांत तें शब्दयोगी. इंग्रजींत ‘रन अप अ हिल’ म्हणजे टेकडीवर धांवत चढणें आणि ‘रन अप अ बिल’ म्हणजे देणें वाढवून ठेवणें. दोन्ही वाक्यें वरून सारखीं दिसतात. पण सर्वनाम घालून पाहतांच भेद उघडा पडतो. टेकडीविषयीं ‘रन अप इट’ म्हणावें लागतें, देण्याविषयीं ‘रन इट अप’. त्याच न्यायानें ‘लुक आफ्टर हर’ असेंच म्हणतात, ‘लुक हर आफ्टर’ कधींच नाहीं. ही कसोटी सांगण्यास वर्गांत दहा मिनिटें पुरतात, आणि ती न सांगितल्यामुळें विद्यार्थी आयुष्यभर चांचपडतो.

जेथें क्रियाविशेषण व शब्दयोगी दोन्ही एकामागून एक येतात, तेथें तर आमच्या अज्ञानाचें प्रदर्शनच भरतें. ‘लुक फॉरवर्ड टु’ यांतील ‘टु’ हें शब्दयोगी अव्यय आहे. ‘भेटीकडे डोळे लावून बसणें’ यांतील ‘कडे’च तें. म्हणून त्यापुढें नाम किंवा नामासारखें रूप, म्हणजे ‘मीटिंग’ आलें पाहिजे. तरी अर्जांत व पत्रांत ‘लुक फॉरवर्ड टु मीट’ असें बिनदिक्कत लिहिलें जातें. ‘कोप विथ’ मध्यें ‘अप’ नाहीं. पण ‘कीप अप विथ’ व ‘पुट अप विथ’ यांच्या संगतीनें आम्हीं ‘कोप अप विथ’ बनविलें. लष्करी प्रबोधिनींतून छात्र ‘पास आउट’ होतात हें खरें. परंतु महाविद्यालयांतून ‘पास आउट’ झाल्याचें आमचा पदवीधर सांगूं लागला, तर लंडनच्या माणसास तो तेथें मूर्च्छित पडला असें वाटण्याचा संभव आहे.

यावर कोणी म्हणतील कीं, ‘पुट अप विथ’ याचा अर्थ कोणत्या नियमानें निघतो? आक्षेप रास्त आहे. सी. के. ऑग्डेन यांनीं १९३० सालीं ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली व अवघ्या १८ क्रियापदांवर संसार चालविला, तो अशा जोड्यांच्याच बळावर. ‘पुट’, ‘अप’, ‘विथ’ हे तिन्ही शब्द यादींत होते. त्या तिघांनीं मिळून होणारा अर्थ मात्र यादींत नव्हता. शब्द कमी झाले, ओझें कमी झालें नाहीं. तेव्हां सर्वच अर्थ नियमानें सुटतात असें आम्ही म्हणत नाहीं. कांहीं रूढीनें ठरलेले आहेत व ते वाक्यांतूनच शिकले पाहिजेत. परंतु थोडे अपवाद आहेत म्हणून सारें अरण्यच आहे असें मानणें हा आळस होय. सुझन लिंडनर यांनीं १९८१ सालीं ‘अप’ व ‘आउट’ या दोन अव्ययांच्या अर्थांची व्यवस्था आपल्या प्रबंधांत लावून दाखविली; १९८९ सालच्या कोबिल्ड कोशानें अव्ययांप्रमाणें अर्थांची वर्गवारी करून दिली. आणि आमच्या बाजारांतील मार्गदर्शिका? त्या अजून अक्षरानुक्रमानें शंभर जोड्या छापतात, शेजारीं एकेक मराठी शब्द ठेवतात आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं विसरण्याची सोय करून देतात.

याचा फटका कोणास बसतो? ज्याच्या घरीं इंग्रजी बोलली जाते त्यास नाहीं. त्याच्या कानांवर हे प्रयोग आपोआप पडतात. फटका बसतो मराठी माध्यमाच्या मुलास. तो जाड जाड शब्द जाणतो, निबंध लिहितो, आणि मुलाखतीच्या खोलींत ‘कॅरी ऑन’, ‘फिल इन’, ‘गेट बॅक टु अस’ अशीं साधीं वाक्यें ऐकून गोंधळतो. बाहेर आल्यावर तो दोष स्वतःच्या बुद्धीस देतो. मग आईबाप संभाषणवर्गांची फी भरतात व तेथेंहि तीच यादी त्याच्या हातीं पडते. दोष त्याच्या बुद्धीचा नाहीं. ज्या भाषेंत तो ‘करून टाकतो’, ‘शोधून काढतो’ आणि ‘बोलत राहतो’ ती भाषा त्याची उत्तम शिक्षिका झाली असती; आम्हीं तिला वर्गाबाहेर उभें केलें.

म्हणून शिक्षकांस आमचें सांगणें एवढेंच आहे: याद्या फाडून टाका. अव्यय घ्या, त्याचा मूळ दिशावाचक अर्थ सांगा, त्यापासून निघालेले अर्थ वाक्यांतून दाखवा, सर्वनामाची कसोटी लावावयास शिकवा, आणि प्रत्येक पायरीवर मराठीचा हात धरा. स्वभाषेचें व्याकरण ज्यास नीट समजलें त्यास परभाषेचें भय उरत नाहीं. परभाषेच्या धाकानें स्वभाषा वर्गाबाहेर घालविणारांस अखेरीस दोन्हींपैकीं एकहि धड येत नाहीं.