शंकरनंतर आणखी एकही नको

प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवणे देशभर बंद झाले पाहिजे आणि त्याची सुरुवात एकट्या पडलेल्या हत्तींपासून झाली पाहिजे.

दिल्लीच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातला शंकर सप्टेंबर २०२५ मध्ये गेला, तेव्हा तो जेमतेम २९ वर्षांचा होता. झिम्बाब्वेने माजी राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मा यांना भेट दिलेला हा आफ्रिकी हत्ती जोडीदारीण दगावल्यानंतर अनेक वर्षे एकाकी राहिला. मृत्यू विषाणूने झाला, हे मान्य. पण कळपात जगणाऱ्या प्राण्याच्या वाट्याला आलेला एकांत माणसांनी लादलेला होता. प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने त्याच्या स्थितीवरून २०२४ मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाचे सदस्यत्व स्थगित केले, तरीही तो तिथेच राहिला.

हत्ती हलवले तर शहरातल्या मुलांना ते दिसणार कुठे? प्रश्न रास्त आहे. सामान्य कुटुंबाला जंगलाची सफर परवडत नाही. पण खंदकापलीकडे जागच्या जागी डोलणारा हत्ती पाहून मुले चुकीचेच शिकतात. ते डोलणे खेळकरपणाचे नव्हे, मानसिक ताणाचे लक्षण असते. गडचिरोलीतल्या कमलापूरच्या कॅम्पात हाच प्राणी झाडांमध्ये, आपल्या सोबत्यांसह दिसतो. शालेय सहली तिकडे वळवता येतील.

केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने हत्ती हलवण्याचा आदेश २००९ मध्येच काढला होता. आता प्रत्येक हत्तीच्या स्थलांतराची तारीख प्राधिकरणाने जाहीर करावी आणि परदेशातून भेट म्हणून येऊ घातलेला कोणताही हत्ती केंद्र सरकारने नाकारावा.